काजू कारखान्यांची बी-खरेदी का बदलली

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणलेला काजू किनाऱ्याने वर सरकत सिंधुदुर्ग-रत्नागिरीत रुजला. १९५७ साली वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र निघाले. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेमुळे वरकस, म्हणजे हलक्या जमिनीतही कलमे लागली आणि बी मोठ्या प्रमाणावर बाजारात येऊ लागली.

कारखान्याची खरेदी तरीही जुन्याच पद्धतीने चाले. मार्च ते मे बी घ्यायची, खळ्यात कडक वाळवायची, गोणी फळ्यांवर थप्पीला लावायच्या आणि पावसाळाभर फोडत राहायचे. वहीत आवक, घट आणि शिल्लक एवढे तीन रकाने पुरत.

आफ्रिकेची बी येऊ लागल्यावर हे रकाने अपुरे पडले. टांझानियाचा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे इथली गोदामे रिकामी होत असतानाच. खरेदी बारमाही झाली. भावही नुसत्या वजनावर ठरेना. ८० किलोच्या गोणीतून किती पौंड गर निघतो, हे विचारले जाऊ लागले. ४८ पौंड म्हणजे साधारण २७ टक्के. स्थानिक आणि आयात बी वेगळ्या थप्पीला ठेवून प्रत्येक लॉटचा उतारा, म्हणजे गोणीमागे निघणारा गर, लिहिणे भाग पडले. २०१६ मध्ये आयात बीवर ५ टक्के शुल्क लागले, २०१८ मध्ये ते अडीचवर आले, आणि दर वेळी खरेदीचे गणित नव्याने मांडावे लागले.

पण खरा वाद १ जुलै २०१७ नंतरचा. जीएसटीत सालासकट काजू बीवर रिव्हर्स चार्ज, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरायची पद्धत, ठेवला गेला. बी शेतकऱ्याकडून घेतली तर ५ टक्के कर नोंदणीकृत खरेदीदाराने भरायचा, बिलही स्वतःच बनवायचे. शेतकऱ्यावर नोंदणीचा बोजा नको, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. शिवाय भरलेला कर पुढे गराच्या विक्रीवरच्या करातून वजा मिळतो, त्यामुळे नुकसान काहीच नाही, असे या तरतुदीच्या बाजूने सांगितले जाते. कागदावर ते खरे आहे. मात्र हा कर रोखच भरावा लागतो, आधीच्या खरेदीवर भरलेल्या कराच्या जमा क्रेडिटमधून भरता येत नाही. एप्रिलमध्ये ४० लाखांची बी घेतली की २० मेपर्यंत २ लाख भरायचे. त्या महिन्यात गर विकला १० लाखांचा, तर त्यावरच्या करातून वजा होतात फक्त ५० हजार. उरलेले दीड लाख गर विकला जाईल तसतसे, पुढच्या कित्येक महिन्यांत सुटतात. बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) कर्जाची मर्यादा बीच्या खरेदीतच संपलेली असते, त्यामुळे हे दीड लाख छोट्या कारखानदाराला हंगामाच्या ऐन तोंडावर उभे करावे लागतात. वर्षभराची स्थानिक बी तीन महिन्यांत घेणाऱ्या धंद्याचा विचार ही तरतूद करताना झालेला दिसत नाही. दर आठवड्याला कच्चा माल घेऊन विकणाऱ्याला तिचा चटका बसत नाही, तो काजूवाल्याला बसतो.

याचा परिणाम खरेदीच्या रीतीवर झाला. हंगामात एकदम साठा करण्याऐवजी नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून बिलावर, हप्त्याहप्त्याने बी उचलणे सोयीचे ठरू लागले. कर बिलातच येतो आणि उधारीही मिळते. पण साठवणुकीचा खर्च व व्यापाऱ्याचा नफा भावात चढतो, आणि शेतकऱ्याचा कारखान्याशी असलेला थेट व्यवहार मागे पडतो.