मसाई मारात राहायचं म्हणजे नेमकं कुठे? रिझर्व्ह आणि कॉन्झर्व्हन्सीतला फरक

केनियाच्या सहलीच्या कोटेशनमध्ये एक ओळ हमखास असते: 'मसाई मारा, तीन रात्री, नदीकाठचा टेंटेड कॅम्प.' सोबत तंबूचा फोटो, पांढरी चादर, व्हरांड्यात दोन खुर्च्या आणि समोर पाणी. एवढ्यावर आपण लाखांत पैसे भरतो. तो कॅम्प कोणाच्या जमिनीवर उभा आहे हे मात्र त्या ओळीत कुठेच नसतं, आणि मारात काय बघायला मिळेल, किती वाजेपर्यंत मिळेल आणि किती गाड्यांच्या गराड्यात मिळेल, हे जवळजवळ सगळं त्या जमिनीवरच ठरतं.

'मसाई मारा' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या व्यवस्था चालतात. एक आहे मसाई मारा नॅशनल रिझर्व्ह. सुमारे 1,510 चौरस किलोमीटरचा हा पट्टा खाली टांझानियाच्या सेरेंगेटीला चिकटलेला आहे. 1961 मध्ये तो नारोकच्या स्थानिक कौन्सिलकडे आला आणि आजही नारोक काउंटी सरकारच्याच ताब्यात आहे. म्हणजे हे राष्ट्रीय उद्यान नव्हे; केनियातली राष्ट्रीय उद्यानं केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिस सांभाळते. दुसऱ्या आहेत या रिझर्व्हच्या उत्तरेला आणि पूर्वेला पसरलेल्या कॉन्झर्व्हन्सी: मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी, नाबोइशो, ओल किन्येई आणि आणखी काही. इथली जमीन मसाई कुटुंबांच्या स्वतःच्या नावावर आहे. कॅम्पवाल्यांनी ती त्यांच्याकडून भाडेपट्ट्याने घेतलेली असते.

दोघांच्या मध्ये कुंपण नाही. सकाळी रिझर्व्हमध्ये दिसलेली सिंहीण संध्याकाळी कॉन्झर्व्हन्सीत दिसू शकते. गवत तेच, बाभळी त्याच, जिराफही तेच. म्हणून तर माणसं फसतात.

ताडोब्याला नेहमी जाणारा माणूस लगेच म्हणेल, "म्हणजे कोअर आणि बफर!" सुरुवातीला समजून घ्यायला हे बरं आहे, पण फार पुढे नेऊ नका. ताडोब्याच्या बफरमध्ये तिकीट काढून कोणालाही जाता येतं. कॉन्झर्व्हन्सीत तसं नाही. तिथल्या कॅम्पमध्ये मुक्काम असेल तरच तुमची गाडी तिथे फिरू शकते. उलट कॉन्झर्व्हन्सीतला पाहुणा दिवसाचं वेगळं तिकीट भरून रिझर्व्हमध्ये जाऊन येऊ शकतो. दार एकाच बाजूने उघडतं, आणि बुकिंग करताना लक्षात ठेवायची सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

नावांनी गोंधळ आणखी वाढवून ठेवलाय. मारा नदीच्या पश्चिमेचा जो तुकडा 'मारा ट्रँगल' म्हणून ओळखला जातो, तो रिझर्व्हचाच भाग. पण 2001 पासून त्याचा कारभार एक ना-नफा संस्था बघते आणि तिचं नाव आहे 'मारा कॉन्झर्व्हन्सी'. त्यामुळे एजंटने तोंडभरून 'मारा कॉन्झर्व्हन्सी' म्हटलं, तर तो ट्रँगलबद्दल बोलतोय की खासगी जमिनीबद्दल, हे विचारूनच घ्या. ट्रँगलचे रस्ते आणि शिस्त चांगली आहे, पण नियम रिझर्व्हचेच.

शिवाय एक तिसरा प्रकारही आहे, आणि भारतातून जाणारे बहुतेक ग्रुप तिथेच उतरतात. तालेक आणि सेकेनानी या गेटांच्या बाहेर कॅम्पांची दाटी आहे. तालेक नदीच्या उत्तर काठावरचे कितीतरी 'रिव्हरसाइड' कॅम्प ना रिझर्व्हमध्ये, ना कॉन्झर्व्हन्सीत. नदी खरी, माकडं खरी, पण रोज सकाळी गेटावर तिकीट दाखवून आत जायचं आणि संध्याकाळी वेळेत बाहेर पडायचं. बजेट बेताचं असेल तर यात वाईट काही नाही. मात्र हे आधी माहीत हवं आणि किंमतही त्या मानाने कमी हवी.

आता नदीकडे येऊ, कारण नदीकाठचा कॅम्प या शब्दांचीच भुरळ सगळ्यात मोठी असते.

मारा नदी माऊच्या डोंगरी जंगलात उगम पावते, रिझर्व्हमधून वळणं घेत टांझानियात उतरते आणि व्हिक्टोरिया सरोवराला मिळते. तालेक तिची उपनदी. विल्डबीस्ट, म्हणजे गुरांसारखी दिसणारी मोठी हरणं, नदी ओलांडतात ती प्रसिद्ध दृश्यं बहुतांशी रिझर्व्हच्या आणि ट्रँगलच्या हद्दीतली. सेरेंगेटीतून आलेले कळप साधारण जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत मारात असतात, आणि या काळात ते एकदाच नाही, तर पुन्हा पुन्हा इकडून तिकडे जात-येत राहतात. कधी ओलांडतील हे कोणी सांगू शकत नाही. हजारभर जनावरं काठावर येतात, धूळ उडते, पुढची पाण्याला तोंड लावतात, मागची रेटतात, आणि तेवढ्यात एखादा झेब्रा बिचकतो की सगळा कळप वळून माळावर चरायला लागतो. तासन्‌तास थांबून काहीच न होणं हे तिथलं नेहमीचं. आणि जेव्हा होतं तेव्हा पहिलं जनावर कड्यावरून उडी घेतं आणि मागचे विचारच करत नाहीत. पाण्यात मगरी असतात. पण मगरीच्या तोंडी जातात त्यापेक्षा कितीतरी जास्त विल्डबीस्ट चेंगराचेंगरीत, उभ्या कड्याखाली आणि प्रवाहात बुडून मरतात. पुढचे काही दिवस गिधाडं आणि मराबू करकोचे त्या काठावरून हलत नाहीत.

हे बघायचंच असेल तर रिझर्व्हच्या आत, नदीच्या जवळ राहा. गेटाबाहेरून किंवा लांबच्या कॉन्झर्व्हन्सीतून नदीवर पोहोचेपर्यंत सकाळचा मोठा वेळ जातो, आणि कळप तुमच्यासाठी थांबत नाही. त्यातही काठ कोणता ते विचारा. रिझर्व्हच्या आत नदीवरचा पूल पार दक्षिणेला, टांझानियाच्या सीमेजवळ आहे. समोरच्या काठावर कळप उतरताना दिसला म्हणून पाच मिनिटांत पलीकडे जाता येत नाही.

याची किंमत गर्दीच्या रूपात मोजावी लागते. ऑगस्टमध्ये ओलांडण्याच्या जागी गाड्यांची रांग लागते. कळप पाण्यात उतरायला लागेपर्यंत गाड्यांनी काठापासून लांब थांबायचं असा नियम आहे, पण तो सगळे पाळत नाहीत. कळपाची वाटच गाड्यांनी अडवली की जनावरं मागे फिरतात किंवा अवघड कड्यावरून उडी घेतात. आपल्या ड्रायव्हरला 'अजून पुढे घे' म्हणून भरीला घालणारे प्रवासी असतात, आणि हे बघून मनापासून वाईट वाटतं. चांगला ड्रायव्हर-गाइड मागे थांबतो. त्याला तसं थांबू द्या, आणि शेवटी टिप देताना ते लक्षात ठेवा.

कॉन्झर्व्हन्सीतली गोष्ट वेगळी. ओलारे मोटोरोगीत 700 एकरांमागे एक तंबू असं प्रमाण ठरलेलं आहे. एका प्राण्याजवळ साधारण पाचच्या वर गाड्या थांबू देत नाहीत. रस्ता सोडून माळावर गाडी घालता येते, त्यामुळे चित्त्याची मादी पिल्लांना घेऊन उंच गवतात बसलेली असेल तर लांबून दुर्बीण लावून बसावं लागत नाही. रिझर्व्हमध्ये रस्ता सोडला की दंड. सशस्त्र गाइडबरोबर पायी फिरायलाही कॉन्झर्व्हन्सीतच मिळतं. जमिनीवर उतरल्यावर नजर बदलते: शेणकिड्याने लोटलेली गोळी, तरसाची हाडामुळे पांढरी झालेली विष्ठा, बाभळीच्या पोकळ गाठींत घर केलेल्या मुंग्या. गाडीतून हे काही दिसत नाही.

पण माझ्या मते खरा फरक अंधार पडल्यावर कळतो. रिझर्व्हमध्ये रात्री फिरायला बंदी आहे. अंधार पडण्याच्या सुमाराला कॅम्पवर किंवा गेटाबाहेर असावंच लागतं. कॉन्झर्व्हन्सीत जेवणाआधी किंवा नंतर लाल काचेचा दिवा घेऊन निघता येतं. लाल अशासाठी की पांढऱ्या झोताने प्राण्यांचे डोळे दिपतात. मदतनीस दिवा हळूहळू गवतावरून फिरवतो आणि डोळे चमकले की थांबवतो. डोळे स्थिर आणि एकाच दिशेला बघणारे असतील तर बहुधा शिकारी. खालीवर उड्या मारत जाणारे असतील तर स्प्रिंगहेअर, मागच्या लांब पायांवर टुणटुणत जाणारा मोठा कुरतडणारा प्राणी. झाडावर दोन मोठे गोल डोळे म्हणजे बुशबेबी, माकडांच्या जातकुळीतला छोटा निशाचर प्राणी. पांढऱ्या शेपटीचं मुंगूस, मांजरासारखं दिसणारं ठिपक्यांचं जेनेट, नशीब असेल तर वाळवी खाणारा लांब तोंडाचा आर्डव्हार्क. सिंहही दिवसा बघितले तसे राहत नाहीत; दुपारभर झाडाखाली पोट वर करून लोळणारा कळप रात्री उठतो, पसरतो आणि चालायला लागतो. दिवसाची सफारी कितीही केली तरी या प्राण्यांची खरी कामाची वेळ आपण झोपून काढलेली असते.

तंबूतली रात्र मात्र नदीकाठी सगळीकडे सारखीच भारी. बहुतेक कॅम्पांना कुंपण नसतं. पाणघोडे दिवसभर पाण्यात पडून असतात आणि रात्री चरायला वर येतात. एक मोठा पाणघोडा रात्रीत सुमारे 40 किलो गवत खातो, आणि तंबूभोवतीचं आखूड, हिरवं गवत त्याला आवडतं. कापडाच्या पलीकडे हातभर अंतरावर गवत ओरबाडल्याचा कर्र-कर्र आवाज येतो, मग मोठा सुस्कारा. अशा वेळी चेन उघडून बाहेर डोकावायचं नाही, टॉर्च मारायचा नाही. अंधार पडल्यावर जेवणाच्या तंबूपर्यंत जायलासुद्धा अस्कारी, म्हणजे कॅम्पचा रखवालदार, सोबत लागतो. हा थाटमाट नाही. पाणघोडा आणि पाणी यांच्या मधोमध माणूस आला तर काय होतं हे त्या लोकांनी बघितलेलं असतं.

नदीकाठचा आणखी एक धोका फोटोत दिसत नाही. 2024 च्या मेच्या सुरुवातीला तालेकला पूर येऊन काठावरचे दहा-बाराहून जास्त कॅम्प पाण्याखाली गेले आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. एप्रिल-मे हा तिथला मोठ्या पावसाचा काळ. या महिन्यांत स्वस्त दर दिसला तर कॅम्प नदीपासून किती उंचीवर आहे हे जरूर विचारा.

पैशांचं गणितही दोन्हीकडे वेगळं. रिझर्व्हचं शुल्क 2024 पासून परदेशी प्रौढ माणसाला दिवसाला जानेवारी ते जून 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर आहे, आणि तिकीट बारा तासांचं. चौघांच्या कुटुंबाला सीझनमध्ये हा आकडा केवढा होतो ते बघा, आणि कोटेशनमध्ये तो धरलाय का ते आधी तपासा. कॉन्झर्व्हन्सीचं शुल्क बहुतेक वेळा कॅम्पच्या दरातच असतं, म्हणून तो दर बघून छाती दडपते.

त्या दरातला एक भाग दर महिन्याला जमीनमालकांच्या खात्यात जातो. यामागे इतिहास आहे. पूर्वी या जमिनी 'ग्रुप रँच' म्हणून सामाईक होत्या. पुढे त्यांची वाटणी झाली आणि एकेका कुटुंबाच्या नावावर तुकडे आले. तुकडा नावावर आला की कुंपण घालणं, विकणं, गहू लावणं हे सगळं शक्य होतं, आणि माराच्या आसपास कुंपणं वाढलीही. विल्डबीस्ट आणि झेब्र्यांच्या जुन्या वाटा त्यांनी अडवल्या. 2005-06 च्या सुमारास ओल किन्येई, ओलारे ओरोक अशा कॉन्झर्व्हन्सी उभ्या राहिल्या, मग 2009 ला मारा नॉर्थ आणि 2010 ला नाबोइशो. सौदा साधा आहे: शेजारशेजारच्या मालकांनी जमीन मोकळी ठेवायची, पर्यटक कमी आले तरी भाडं ठरलेलं मिळायचं. नाबोइशोत असे सुमारे 500 जमीनमालक आहेत. 2020 मध्ये कोविडने पर्यटन थांबलं तेव्हा ही भाडी कशी द्यायची हा प्रश्न उभा राहिला, आणि ही जंगलं किती नाजूक हिशेबावर उभी आहेत हे सगळ्यांना दिसलं.

म्हणून कॉन्झर्व्हन्सीत गाडीसमोर गाईंचा कळप आला तर नाराज होऊ नका. 'आम्ही गायी बघायला आलो का' अशी तक्रार करणारे भेटतात. त्या गायी घरच्या आहेत, पाहुणे आपण. कुठे, कधी चरायचं हे कॉन्झर्व्हन्सी ठरवून देते आणि पाळीपाळीने चरलेलं आखूड गवत रानटी चरणाऱ्यांनाही मानवतं.

मग निवड कशी करायची? एजंटला दोन प्रश्न विचारा: सकाळी कॅम्पवरून निघाल्यावर गेट लागतं का, आणि रात्रीची ड्राइव्ह मिळते का? गेट लागत असेल तर तुम्ही बाहेर राहताय. गेट नाही आणि रात्रीची ड्राइव्हही नाही, तर रिझर्व्हच्या आत. गेट नाही पण रात्रीची ड्राइव्ह आहे, तर कॉन्झर्व्हन्सी.

नोव्हेंबर ते जून या काळात जात असाल तर मी डोळे मिटून कॉन्झर्व्हन्सी सुचवेन; स्थानिक सिंह, चित्ते, हत्ती वर्षभर असतात आणि नदी ओलांडणारे कळप त्या वेळी तसेही नसतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चार रात्री हाताशी असतील तर दोन-दोन वाटून घ्या, आणि रिझर्व्ह आधी ठेवा. पहिल्या दोन दिवसांत कळप पाण्यात उतरलाच नाही, तर कॉन्झर्व्हन्सीतून एका दिवसाचं तिकीट भरून पुन्हा नदीवर जाता येतं. क्रम उलटा केला तर ही सोय राहत नाही.