'काय केलं?' आणि 'कोण लागतो?': पोलीस ठाणं आणि संरक्षण अधिकारी

सोलापुरात कुणी 'घरात मारतात ओ' म्हटलं, की एक जण सांगतो, 'पोलिसांत जा.' दुसरा सांगतो, 'महिला-बालविकासच्या ऑफिसात जा.' ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं. पण समलिंगी किंवा ट्रान्स माणसाने नीट बघून दार निवडावं, कारण आत गेल्यावरचा पहिला प्रश्नच वेगळा असतो. पोलीस विचारतात, काय केलं? महिला-बालविकासकडचे, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली काम करणारे संरक्षण अधिकारी आधी विचारतात, मारणारा तुमचा कोण लागतो?

मारहाण, कोंडून ठेवणं, धमकी, खंडणी हे गुन्हेच. करणारा भाऊ असो, नाहीतर त्याच खोलीत राहणारा बॉयफ्रेंड. म्हणून गे मुलाला हेच दार, कारण दुसरा कायदा फक्त स्त्रीची तक्रार ऐकतो. 'आपले फोटो तुझ्या घरी पाठवीन, नाहीतर पैसे टाक' ही सरळ खंडणी. 'मीच आत जाईन' ही भीती अजून जात नाही, पण प्रौढांमधलं संमतीचं समलिंगी नातं 2018 पासून गुन्हा नाही. एक भोक मात्र मोठं आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत प्रौढ पुरुषावरच्या बलात्काराला कलमच ठेवलेलं नाही. तिथे मारहाण, डांबून ठेवणं अशा कलमांवर भागवावं लागतं. ही चूक कायद्याची आहे, तक्रारदाराची नाही.

सोलापूर शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतं आणि मोहोळ-बार्शी ग्रामीण पोलिसांच्या, हे खरं. पण 'आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. गुन्हा दखलपात्र असेल तर झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवलेली तक्रार, घ्यावीच लागते.

आता दुसरं दार. इथे कुणाला तुरुंगात घालायचं नसतं, मार थांबवायचा असतो. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल बनवतात, अर्ज मॅजिस्ट्रेटकडे जातो, आणि कोर्ट 'हिच्याजवळ फिरकू नका', 'हिला घराबाहेर काढू नका', 'खर्च द्या' असे आदेश देऊ शकतं. संरक्षणाचा आदेश मोडला, तर मात्र एक वर्षापर्यंत कैद.

समजा, पूर्व भागातल्या एका मुलीचं मैत्रिणीवर प्रेम आहे, हे घरात कळलं. मोबाईल काढून घेतला, खोलीला कुलूप, स्थळं बघायला सुरुवात. भाऊ आणि आई रक्ताचे, एकाच घरात राहणारे. कायदा पुरेपूर लागतो. 2016 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून आईविरुद्ध, वहिनीविरुद्धही अर्ज करता येतो. आणि का मारतात, हे अर्जात लिहायची सक्ती नाही. मारतात, कोंडतात, एवढं पुरतं. माझ्या मते या दाराचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

पण मारणारी ती मैत्रीणच असेल तर? इथे गाडी अडते. ती रक्ताची नाही, म्हणून नातं 'लग्नासारखं' ठरावं लागतं; आणि त्यासाठी दोघं कायद्याने लग्नाला पात्र हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये म्हटलं. आणि समलिंगी लग्नाला 2023 मध्ये मान्यता मिळाली नाही. तिने पोलिसांकडेच जावं. ट्रान्स स्त्रीचं थोडं बरं आहे: शस्त्रक्रिया करून स्त्री झालेल्या व्यक्तीला या कायद्याखाली दाद मागता येते, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं.

पुण्याहून जीव मुठीत धरून सोलापुरात मावशीकडे आलेली मुलगी इथल्याच कोर्टात अर्ज करू शकते. तात्पुरता मुक्कामही चालतो. दोन्ही दारं एकदम ठोठावायलाही मनाई नाही.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन 15100. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही. जीवावर बेतलं तर 112. अंगावर वळ असतील तर आधी सिव्हिलला जा आणि 'पडले' असं सांगू नका. केसपेपरवर जे लिहिलं जातं, तेच पुढे दोन्हीकडे मागतात.