गणंग बियांचं वाळवंटी फूल

मोड आणायला मटकी भिजत घातली की चार-दोन दाणे दुसऱ्या दिवशीही खड्यासारखे टणक राहतात. त्यांना आपण गणंग म्हणतो आणि निवडून टाकतो. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या स्टर्ट्स डेझर्ट पी या रानफुलाचं बहुतेक बी असं गणंगच असतं. लोक ते पेरतात, महिनाभर पाणी घालतात आणि ‘बी जुनं निघालं’ म्हणून सोडून देतात. बी ठणठणीत असतं, त्याच्या आत पाणीच शिरलेलं नसतं.

हे फूल मटकी-वाटाण्याच्याच कुळातलं. नऊ सेंटीमीटरपर्यंत लांब, लालभडक, मधोमध चकचकीत काळा फुगीर ठिपका. विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्दीने १६९९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर गोळा केलेला त्याचा वाळवलेला नमुना आजही ऑक्सफर्डला आहे. १९६१ पासून ते दक्षिण ऑस्ट्रेलियाचं राज्यफूल आहे.

खरी गंमत बियांच्या सालीत आहे. सालीच्या बाहेरच्या थरात लांबट, जाड भिंतींच्या पेशी कुडाच्या काठ्यांसारख्या एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि त्यांच्यावर मेणचट लेप असतो. पाण्याला वाट नाही. दिवसाचं ऊन, रात्रीचा गारवा, पुराच्या लोंढ्यात वाळूशी होणारी घासाघीस यांनी साल कुठेतरी फटते, तेव्हाच बी फुगतं. प्रत्येक बियाची साल वेगवेगळ्या वेळी फटते, हे फार महत्त्वाचं. एका फसव्या सरीवर सगळी बियाणी उगवली असती, तर पुढच्या कोरड्या आठवड्यात वंशच संपला असता. काही बिया मागे राहतात, म्हणून झाड टिकतं. पेरणीची तिथी बघण्यात अर्थ नाही. या सालीला अमावस्या-पौर्णिमा कळत नाही, ओरखडा कळतो.

तो ओरखडा आपण द्यायचा. बारीक पॉलिश पेपरवर बी घासा, पण जिथे ते शेंगेला चिकटलेलं होतं त्या खुणेच्या विरुद्ध बाजूने. खुणेजवळ कोंबाचं मूळ असतं. आतला फिकट रंग दिसला की थांबा. मग कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी फुगलेल्या बिया लगेच पेरा, न फुगलेल्या पुन्हा घासा. चोवीस तासांपेक्षा जास्त भिजवलं तर बी गुदमरून कुजतं.

सोटमूळ झपाट्याने खाली जातं आणि दुखावलेलं त्याला चालत नाही, म्हणून रोप उपटून दुसरीकडे लावू नका. निदान ३० सेंटीमीटर खोल कुंडी किंवा पाइपचा तुकडा घ्या. तीन भाग जाड वाळू, एक भाग माती. बी एक सेंटीमीटर खोल. शेणखत भरपूर घालण्याचा मोह टाळा. जागा दिवसभर उन्हाची हवी.

उगवल्यावर रोपं मरतात ती बहुधा तहानेने नव्हे, बुरशीने. खोड जमिनीलगत काळं पडतं आणि रोप आडवं होतं. पाणी बुंध्यापासून लांब, सकाळी, वरची वाळू कोरडी झाल्यावरच द्या. राखाडी लव असलेली पानं भिजवू नका. गोगलगायी कोवळी रोपं एका रात्रीत फस्त करतात, त्यामुळे सुरुवातीचे दिवस संध्याकाळी टॉर्च घेऊन बघून घ्या. सिडनी-ब्रिस्बेनच्या दमट किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी जमिनीत न लावता पावसाआड ठेवलेल्या कुंडीतच लावावं. तिथेही ते एका हंगामाचं झाड समजा आणि शेंगा वाळल्या की पुढच्या पेरणीसाठी बी काढून ठेवा.