घरी ट्रेनरवर सायकल चालवताना : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

नवा ट्रेनर, म्हणजे सायकल जागेवर बसवून चालवायचा स्टँड, घरी आला की पहिल्याच दिवशी वीस मिनिटांत घामाघूम व्हायला होतं आणि अनेकांना वाटतं, आपला दम कमी पडतोय. बहुतेक वेळा दमाचा प्रश्न नसतो. रस्त्यावर न मागता मिळणारा वारा आणि मधूनमधून मिळणारी उसंत, या दोन्ही गोष्टी घरात नसतात. त्यांची सोय आपल्यालाच करावी लागते.

आधी पंखा

शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, तिच्यातला साधारण पाव हिस्साच पॅडलपर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णता होते. म्हणजे पॅडलवर १५० वॅट देत असाल, तर ४५० वॅटच्या आसपास उष्णता अंगातून बाहेर पडायला हवी. रस्त्यावर हे काम समोरचा वारा करतो. छताचा पंखा इथे पुरत नाही. उभा पंखा सायकलच्या समोर ठेवा आणि वारा थेट छातीवर घ्या. ट्रेनरसोबत दुसरी एकच वस्तू घ्यायची असेल, तर आम्ही पंखाच सुचवतो.

घामाचं मीठ सायकलीला फार त्रास देतं. हँडलवर आणि फ्रेमच्या वरच्या नळीवर टॉवेल टाका, उतरल्यावर सायकल ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. हँडलच्या टेपखाली घाम मुरतो आणि वरून काही कळत नाही. टेप बदलताना आतल्या ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी किंवा खड्डे दिसले, तर ते हँडल वापरू नका, आम्हाला दाखवा.

सायकल बसवताना

टायर रोलरला टेकणारा ट्रेनर असेल, तर मागच्या चाकाला ट्रेनरसोबत आलेला स्टीलचा स्क्यूअरच (चाकाच्या मधून जाऊन ते जखडणारी बारीक दांडी) लावा. सायकलीच्या मूळ स्क्यूअरची टोकं ट्रेनरच्या पकडीत नीट बसतीलच असं नाही. स्क्यूअरऐवजी थ्रू-ॲक्सल (आट्यांनी बसणारी जाड दांडी) असेल तर त्यासाठीचा वेगळा ॲक्सल लागतो. टायरमध्ये दर वेळी सारखीच हवा भरा. रोलर टेकवल्यावर त्याचं जड चाक एका हाताने धरून सायकलचं चाक ओढून बघा. टायर घसरला तर रोलर दाबणारा नॉब थोडा आवळा. खालच्या मॅटवर काळी भुकटी साचत असेल, तर बहुधा टायर घसरतोय. खरबरीत नक्षीचा टायर इथे नको, त्याचा आवाजही फार होतो.

मागचं चाक काढून बसवायचा ट्रेनर असेल, तर त्यावरची कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) तुमच्या सायकलीच्या गिअरशी जुळणारी हवी. तरीही गिअर खडखडले तर डिरेलरच्या (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाच्या) केबलवरचा नॉब थोडा थोडा फिरवून बघा. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल, तर चाक काढलेलं असताना मागचा ब्रेक चुकूनही दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटतात आणि नंतर डिस्क आत जात नाही. पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकची पट्टी अडकवून ठेवलेली बरी.

फ्रेम कार्बनची असेल, तर ट्रेनरवर चालवलेलं वॉरंटीत बसतं का, हे सायकल बनवणाऱ्या कंपनीकडून आधी विचारून घ्या.

चालवताना

ट्रेनरवर उतार नसतो, सिग्नल नसतो, त्यामुळे पाय सतत फिरत राहतात. शिवाय सायकल जखडलेली असल्याने सगळं वजन सीटवर एकाच जागी येतं. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट पॅडलवर उभे राहा. सुरुवातीला अर्धा तास भरपूर झाला.

स्मार्ट ट्रेनरवर, म्हणजे ॲपशी जोडून आपोआप जड-हलका होणाऱ्या ट्रेनरवर, ॲपने वॅट ठरवून दिलेले असताना पाय मंदावले, की ट्रेनर उलट जड होतो, पाय आणखी मंदावतात आणि शेवटी अडकतात. अशा वेळी जोर लावत बसू नका. क्षणभर थांबा, लक्ष्य कमी करा आणि मिनिटाला ८०-९० फेऱ्यांची लय धरून पुन्हा चढवा. टायर टेकणाऱ्या स्मार्ट ट्रेनरचं कॅलिब्रेशन (आकडे अचूक जुळवून घेणं) दहा मिनिटं चालवल्यानंतर करा, कारण टायर तापला की आकडे बदलतात.

लहान मुलं आसपास असतील तर विशेष जपा. तुम्ही थांबलात तरी ट्रेनरचं जड चाक काही काळ फिरत राहतं, आणि ते चाक व चेन दोन्हींत बोटं अडकू शकतात. रोलरजवळचा भागही चांगलाच तापलेला असतो.

सायकल परत रस्त्यावर नेण्याआधी मूळ ॲक्सल घट्ट बसवा, दोन्ही ब्रेक दाबून बघा आणि मागच्या टायरचा मधला पट्टा सपाट झालाय का ते तपासा. झाला असेल तर तो टायर ट्रेनरपुरताच ठेवा.