थ्रेड आणि सिग्नल (सी भाषा)

एकाच प्रोग्रामात शेजारीशेजारी चालणारे थ्रेड, म्हणजे कामाचे वेगवेगळे धागे, आणि त्या प्रोग्रामावर अवचित येऊन आदळणारे सिग्नल, म्हणजे ‘थांब’, ‘चूक झाली’ अशा सूचना, यांचा संबंध. सिग्नल हे युनिक्सच्या जुन्या काळातले, एका प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रामात, एकच काम चालते असे धरून बेतलेले. पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या प्रमाणकात थ्रेड 1995 मध्ये आले आणि जुन्या घरात नवे बिऱ्हाड आले.

सी भाषेचे प्रमाणक इथे हात वर करते. 2011 च्या आवृत्तीत थ्रेड आले, पण अनेक थ्रेडच्या प्रोग्रामात ‘सिग्नल’ हे फंक्शन वापरल्यास काय होईल याची हमी त्याच आवृत्तीने नाकारली. त्यामुळे युनिक्सच्या घराण्यात सगळीकडे चालेल असा कोड म्हणजे व्यवहारात पॉझिक्सला धरून लिहिलेला कोड. त्यात हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणारे फंक्शन, साऱ्या प्रोसेसचा मिळून एक; मास्क, म्हणजे अडवून ठेवलेल्या सिग्नलांची यादी, मात्र ज्या त्या थ्रेडचा. चुकीच्या पत्त्याला हात लावल्याने उठलेला सिगसेग्व्ही त्याच थ्रेडच्या पदरात पडतो. बाहेरून प्रोसेसला धाडलेला, ‘आटप’ सांगणारा सिगटर्म, तो अडवून न ठेवलेल्या कोणत्याही एका थ्रेडकडे जातो. कोणत्या, ते ठरलेले नसते.

समजा, इंदूरच्या चोइथराम मंडीत एका अडत्याकडे असा प्रोग्राम आहे: एक थ्रेड काट्यावरचे वजन वाचतो, दुसरा पावती तयार करतो. दुकान आवरताना मुनीम कंट्रोल-सी दाबतो, म्हणजे प्रोग्रामाला थांबण्याचा सिग्नल धाडतो. पावतीचा थ्रेड त्या क्षणी मेमरी देणाऱ्या मॅलॉक फंक्शनच्या आत, दुसऱ्या कोणी शिरू नये म्हणून कुलूप लावून बसलेला. सिग्नल नेमका त्यालाच मिळतो. हँडलरमधला, मजकूर छापणारा प्रिंटएफ मेमरी मागतो, म्हणजे तेच कुलूप मागतो. किल्ली ज्याच्याकडे, तोच दाराबाहेर उभा! प्रोग्राम गोठतो. हा योग क्वचितच जुळून येतो, म्हणून इंदुरी पोरे शपथेवर सांगतात, “कल तो चल रहा था, भिया.” खोटे नसते ते.

यावरचा उतारा जुनाच आहे. मेन फंक्शनने थ्रेड काढण्याआधीच पीथ्रेड_सिगमास्कने हवे ते सिग्नल अडवावेत. नवे थ्रेड तोच मास्क घेऊन जन्मतात. मग एकच थ्रेड सिगवेटवर, म्हणजे सिग्नलची वाट पाहणाऱ्या फंक्शनवर, बसवावा. तिथे हँडलर नसतो, साधा कोड असतो, त्यामुळे प्रिंटएफ आणि म्युटेक्स (थ्रेडमधले कुलूप) दोन्ही चालतात. सिगप्रॉकमास्क हे मास्क बदलणारे दुसरे फंक्शन मात्र इथे वापरू नये. अनेक थ्रेड असताना त्याचे वागणे पॉझिक्सने ठरवलेलेच नाही.

विंडोजवर सिगवेट नाही. तिथे कंट्रोल-सी दाबताच हँडलरसाठी नवा थ्रेड निघतो, म्हणजे एकाच थ्रेडचा म्हणून लिहिलेला प्रोग्रामही त्या क्षणी दोन थ्रेडचा होतो.