‘फक्त लांबी वाढवा’ म्हणण्याआधी

उंच ताई, वहिनी आणि लेकीला सोबत घेऊन येणाऱ्या आयांसाठी, कोल्हापुरातल्या आमच्या शिलाईच्या दुकानातर्फे

आठवड्यातून चार-पाच वेळा तरी आमच्या काउंटरवर हा प्रसंग घडतो. पिशवीतून एक जुना रेडिमेड कुडता निघतो, काउंटरवर पसरला जातो आणि ताई म्हणतात, “सगळं ह्याच्यासारखंच. फक्त लांबी तेवढी तीन इंच वाढवा.” बाहेर रिक्षा थांबलेली असते. आम्ही “अंगावरचं माप घेऊ द्या” म्हटलं की चेहरा पडतो. “मापाचा दिलाय की, परत कशाला?”

कशाला ते एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे दर वेळी रिक्षावाल्याला थांबवायला नको.

ते तीन इंच नेमके कुठले?

बाजारातला रेडिमेड कुडता साधारण सव्वापाच फुटांच्या आसपासची बाई डोळ्यांसमोर ठेवून कापलेला असतो. त्यात दुकानदाराची चूक नाही. आपल्या देशात बायकांची सरासरी उंचीच १५२ सेंटीमीटरच्या, म्हणजे ५ फुटांच्या आसपास आहे. पण तुम्ही ५ फूट ९ इंच असाल तर जास्तीची उंची काही सगळी घोट्यापाशी साठलेली नसते. थोडी खांदा ते कमर, थोडी कमर ते गुडघा, थोडी हातात, अशी अंगभर वाटलेली असते, आणि प्रत्येकीची वाटणी वेगळी.

आमच्याकडे दोघी मैत्रिणी एकदमच आल्या होत्या. दोघी व्हॉलीबॉल खेळणाऱ्या, दोघींची उंची बरोबर ५ फूट ९ इंच. एकीची कमर खांद्यापासून १५ इंचांवर, दुसरीची पावणेसतरावर. पहिलीचे पाय लांब, दुसरीचं धड लांब. दोघींनी एकच कुडता मापाला आणला असता तर एकीचा तरी वाया गेलाच असता.

आता जुन्या कुडत्यात कमर १४ इंचांवर कापलेली आहे, आणि तुम्ही सांगताय फक्त लांबी वाढवा. आम्ही खाली तीन इंच वाढवले की काय होतं? कमरेचा आकार बरगड्यांवर येऊन बसतो आणि खऱ्या कमरेपाशी कापड ढगळ पडतं. साइडचे कट जिथून सुरू व्हायला हवेत त्याच्या अडीच-तीन इंच वरून सुरू होतात, म्हणजे बसलं-उठलं की सलवारीचा नेफा दिसणार. मुंडा (बाही जोडतात तो काखेचा भाग) वर चढतो आणि हात उचलला की अख्खा कुडता उचलला जातो. मग बाई दिवसभर कुडता खाली ओढत राहते, आणि शेवटी म्हणते, “मला कुडते शोभतच नाहीत.” शोभतात हो. कमर चुकीच्या जागी आहे, एवढंच.

ही चूक नंतर दुरुस्त होत नाही, हे कृपा करून लक्षात घ्या. खालच्या दुमडीत आम्ही दोन इंच जास्तीचं कापड ठेवतोच, ते उसवून लांबी देता येते. पण कमर एकदा कात्रीखाली गेली की ती खाली सरकवता येत नाही. मास्तरांचा अर्धा दिवस जातो, तुमचं कापड जातं, आणि वर तुम्ही आमच्यावर नाराज.

ब्लाऊजचं तर विचारूच नका. मापाच्या जुन्या ब्लाऊजमध्ये टक्सचं, म्हणजे छातीवरच्या चुणीचं, टोक खांद्यापासून साडेनऊ इंचांवर असतं, तुम्हाला ते साडेदहा-अकराला हवं असतं. खाली दोन इंच वाढवून काय होणार? ब्लाऊज लांब होईल, बसणार नाही. म्हणून उंच गिऱ्हाइकाचं माप आम्ही अंगावरूनच घेतो: खांदा ते टक्स, खांदा ते कमर, कमर ते सीट, कमर ते गुडघा, आसन, बाही, सगळं वेगवेगळं. दहा मिनिटं लागतात. एकदा वहीत उतरलं की पुढच्या वेळी फोन केलात तरी चालेल. वजनात फरक पडला असेल तर मात्र यावं लागेल.

चप्पल दारात काढू नका

हे वाचून हसू येईल, पण खरं आहे. आपल्याकडची माणसं संस्कारी, दुकानात गादी दिसली की चप्पल बाहेर. मग माप अनवाणी घेतलं जातं, आणि लग्नाच्या दिवशी पायात तीन इंची हील. आमच्याच एका नवरीचा रिसेप्शनचा घागरा असा घोट्याच्या वर गेला होता. माप घेताना आम्ही विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, दोघांचीही चूक. खाली सोनेरी पट्टी लावून कशीबशी वेळ मारून नेली.

तेव्हापासून आमचा नियम आहे: ज्या कपड्यावर जे पायताण घालणार ते पिशवीत घेऊन या आणि ट्रायलला पायात घाला. पँट, पलाझो, घागरा, सगळ्याला लागू. उंच आहे म्हणून मी हील घालतच नाही, असं बऱ्याच जणी सांगतात आणि समारंभात हमखास घालतात. घाला ना, बिनधास्त घाला. आम्हाला फक्त आधी कळू द्या.

कापड आधी घेऊन आलात तर

ड्रेस मटेरियलच्या पाकिटात सलवारीसाठी बहुतेक वेळा दोन मीटर कापड असतं. दोन मीटर म्हणजे पावणेएकोणऐंशी इंच. घोट्यापर्यंतची ३६ इंची पँट, वर नेफा आणि खाली दुमड धरून ३९ इंच, दोन वेळा कापली की ७८. बसली, अगदी काठोकाठ. तुमची पँट ४२ इंच असेल तर तोच हिशोब ९० इंचांवर जातो. मास्तर जादूगार नाहीत. म्हणून खालचं कापड अडीच मीटर घ्या, किंवा पाकीट घेण्याआधी आम्हाला फोन करा.

कुडत्याला ४४ इंची पन्हा (कापडाची रुंदी) असेल तर अडीच मीटरमध्ये ४६ इंच लांबीचा सरळ कुडता निघतो, बाह्या बाजूच्या पट्टीतून काढतो. घेर हवा असेल किंवा हातमागाचं ३६ इंची पन्ह्याचं कापड असेल तर निघत नाही. सुती कापड मात्र शिवण्याआधी रात्रभर पाण्यात बुडवून, सावलीत वाळवून आणा. ४६ इंची कुडता पहिल्या धुण्यात चार टक्के आटला तरी पावणेदोन इंच गेले, आणि उंच बाईला दोन इंच म्हणजे गुडघ्याच्या खालचा आणि वरचा फरक. धुवायला वेळ नसेल तर आम्ही धुऊन घेतो, दोन दिवस जास्त लागतात.

साडी पुरत नाही, ही तक्रार

साडीचा पन्हा ४४ ते ४८ इंच. ५ फूट १० इंच उंचीच्या बाईला कमरेपासून जमिनीपर्यंतच ४३-४४ इंच लागतात, वर आत खोचायला तीन इंच. हील घातली की परकर दिसायला लागतो, आणि मग साडी बेंबीच्या बरीच खाली नेसून जमवावं लागतं. सासूबाईंसमोर ते बरं वाटत नाही.

यावर आमचा उपाय साधा आहे. साडीच्या वरच्या कडेला, खोचायच्या भागापासून निऱ्या संपेपर्यंत, त्याच रंगाच्या सुती कापडाची चार इंची पट्टी जोडतो. पट्टी पूर्ण आत खोचली जाते, बाहेरून काही दिसत नाही, आणि साडी चार इंच खाली उतरते. पैठणीलाही लावून दिल्या आहेत, हातशिलाईने, उसवली तर खूण राहत नाही. खाली लेस लावून लांबी वाढवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. काठाखाली दुसरा काठ आला की पैठणीचा पडदा होतो. फॉल-पिकोला साडी टाकतानाच सांगा, वेगळी चक्कर नको.

पायात काय

चपला आम्ही बनवत नाही. पण कोल्हापुरात दुकान असून पायाबद्दल गप्प बसणं शक्य नाही, आणि उंच बायकांचं निम्मं रडगाणं पायाचंच असतं. शोरूममध्ये लेडीजचा नंबर आठवर संपतो. मग काय करतात? एक तर आठच्या चपलेत पाय कोंबतात आणि टाच मागून बाहेर, किंवा जेन्ट्स विभागातून नऊ नंबर उचलतात. जेन्ट्सची चप्पल लांबीला बसते, पण रुंद असते. पाय आत सरकतो, अंगठ्याने धरून चालावं लागतं आणि संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात.

नंबरावर तर फार विसंबूच नका. आपल्याकडच्या विलायती नंबरात एका नंबराचा फरक इंचाचा तिसरा भाग, युरोपच्या ४१-४२ वाल्यात सेंटीमीटरचे दोन तृतीयांश. दोन्ही मापं एकमेकांना तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे ऑनलाइन मागवलेलं परत पाठवण्यात महिना जातो.

कोल्हापुरी हाताने होते, म्हणून पायाच्या मापाने करून मिळते, हा तिचा खरा फायदा. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून. आमच्याकडे पायाचं माप कागदावर काढून देतो: दोन्ही पायांचं (दोन्ही सारखे क्वचितच असतात), संध्याकाळी, पायावर पूर्ण वजन टाकून, पेन्सिल सरळ उभी धरून. तो कागद चप्पल लाइनमधल्या आमच्या ओळखीच्या कारागिराकडे जातो. दोन आठवडे लागतात. पट्टा अरुंद सांगायचा की रुंद, कान (बाजूच्या छोट्या पाकळ्या) ठेवायचे की नको, हे तुम्ही ठरवा; लांब आणि निमुळत्या पायाला रुंद पट्टा आणि कान छान दिसतात, पाय उगाच लांबलचक वाटत नाही. पहिले आठ दिवस चावणारच. रात्री पट्ट्याला आतून खोबरेल लावून ठेवा.

अगदी सपाट चपलेचा हट्ट मात्र धरू नका. इंचभर टाच असली तर दिवसभर उभं राहणं सोपं जातं, आणि ५ फूट ९ चे ५ फूट १० झाले म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

शोभण्याबद्दल थोडं

आई लोक आम्हाला हळूच विचारतात, “उंची जरा कमी दिसेल असं काही शिवता येईल का?” येत नाही, आणि आम्ही शिवतही नाही. उंची लपवायला गेलं की बाई पोक काढून चालते, आणि मग कोणताच कपडा बसत नाही.

बाकी आमचं मत असं: पोटरीच्या मध्यापर्यंतचा लांब कुडता उंच बाईवर जसा उठून दिसतो तसा दुसऱ्या कुणावर नाही. मोठी नक्षी, रुंद काठ, आडवे पट्टे खुशाल घ्या. बारीक बुट्टी एवढ्या मोठ्या अंगावर हरवून जाते. पाऊण बाही म्हणून घेतलेली बाही कोपराच्या जेमतेम खाली अडकते, तेव्हा एक तर पूर्ण घ्या नाहीतर कोपराच्या वर ठेवा. कोपरापर्यंतची ब्लाऊजची बाही हवी असेल तर ८० सेंटीमीटरच्या पिसात ओढाताण होते, मीटरभर कापड लागेल.

शिलाईबद्दल

उंच आहे म्हणून जादा शिलाई आम्ही लावत नाही, कधीच लावली नाही. पहिल्या कपड्याला कच्च्या शिलाईवर ट्रायल घेतो, तिचे शंभर रुपये वेगळे, कारण मास्तर तो कपडा दोनदा शिवतात. दुसऱ्या कपड्यापासून ट्रायल लागत नाही. मापाचा कुडता आणलात तर तो बघतो जरूर, पण गळा आणि कापडाची आवड कळावी म्हणून, मापासाठी नाही.

गौरी-गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे नवीन माप घेत नाही; वहीत माप असलेल्यांचं कापड तेवढं घेतो. माप द्यायला दुपारी दोन ते चार या, गर्दी नसते. आणि चप्पल घालूनच आत या.