पेशीचा जन्मदाखला

'कार्बन डेटिंगने सिद्ध झालंय, ही दगडी मूर्ती पाच लाख वर्षांपूर्वीची आहे!' असा मजकूर फोनवर फिरताना दिसला की मला गप्प बसवत नाही. एका वाक्यात दोन चुका आहेत. या पद्धतीत मोजतात तो कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार. तो वय सांगतो ते एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूचं. लाकूड, हाड, धान्य, कापूस यांचं वय तो सांगेल. दगडाने हवेतला कार्बन कधी अंगी लावून घेतलेलाच नसतो. आणि पाच लाख वर्षं तर या पद्धतीच्या आवाक्यातच नाहीत.

हिशोब करून बघा. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे वातावरणात सुटलेले न्यूट्रॉन नायट्रोजनवर आदळतात आणि कार्बन-१४ तयार होतो. त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, तो झाडांत जातो, झाडांतून प्राण्यांत. प्रमाण अगदी नगण्य, साधारण एक लाख कोटी कार्बन अणूंमागे एक. जीव गेला की आवक थांबते आणि दर ५,७३० वर्षांनी उरलेल्यातले निम्मे अणू पुन्हा नायट्रोजन होऊन जातात. एका ग्रॅम ताज्या कार्बनमध्ये असे अणू सुमारे सहा हजार कोटी असतात. हा आकडा निम्मा करत गेलात तर छत्तिसाव्या खेपेला, म्हणजे दोनेक लाख वर्षांनी, जेमतेम एक अणू हाती राहतो. प्रत्यक्षात पन्नास हजार वर्षांच्या आसपासच मोजणी थांबते. तोवर मूळच्या कार्बन-१४ चा चारशेवा हिस्सा उरलेला असतो आणि बाहेरून लागलेला किंचितसा ताजा कार्बनही निकाल पार बिघडवतो.

ही पद्धत विलर्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठात उभी केली. १९६० साली त्यांना नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं. तत्त्व अणुभौतिकीतलं होतं आणि सोनं झालं पुरातत्त्वाचं. विद्यापीठात विभागांच्या इमारती वेगळ्या असतात, प्रश्नांना मात्र त्या भिंती ठाऊक नसतात. कार्बन-१४ च्या पुढच्या प्रवासात हे इतकं स्पष्ट दिसतं की मला तो कितीही वेळा सांगायला आवडतो.

१९५० च्या दशकात आणि १९६० नंतरची काही वर्षं अण्वस्त्रांच्या चाचण्या उघड्या वातावरणात होत होत्या. त्या स्फोटांतून सुटलेल्या न्यूट्रॉननीही नायट्रोजनचा कार्बन-१४ केला. त्याचं प्रमाण इतकं वाढलं की १९६० च्या दशकाच्या मध्याला उत्तर गोलार्धाच्या हवेत ते जवळपास दुप्पट झालं. १९६३ साली वातावरणातल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला आणि मग आलेख उतरू लागला. या उतरणीचं कारण अणूंचा ऱ्हास नाही. ऱ्हासाला हजारो वर्षं लागतात. समुद्र आणि झाडं हा कार्बन शोषत गेली, म्हणून हवेतलं प्रमाण वर्षागणिक घसरलं. दर वर्षाच्या हवेवर जणू त्या वर्षाचा शिक्का बसला.

आता पेशीकडे या. पेशीतले बहुतेक रेणू सतत मोडतात आणि नव्याने बनतात. डीएनए मात्र पेशी विभागताना एकदा तयार झाला की त्यातला कार्बन जवळपास तसाच राहतो. म्हणजे डीएनएमधला कार्बन-१४ मोजला आणि हवेच्या आलेखाशी ताडला की पेशी कोणत्या सुमारास जन्मली ते कळतं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००५ पासून हे करून दाखवलं. काम किचकट होतं. हृदयात स्नायूपेशींखेरीज इतरही पुष्कळ पेशी असतात. त्यामुळे आधी स्नायूपेशींची केंद्रकं खुणेच्या प्रथिनावरून ओळखून निवडून काढायची, मग डीएनए वेगळा करायचा, मग त्वरक यंत्रात, म्हणजे अणूंना प्रचंड वेग देऊन वेगळं काढणाऱ्या यंत्रात, ते मोजायचे. शिवाय आलेख चढतो आणि उतरतो, म्हणून एकाच मापाला दोन वर्षं जुळू शकतात. वेगवेगळ्या साली जन्मलेल्या माणसांची मापं शेजारी ठेवली की ही गाठ सुटते. २००९ साली उत्तर आलं. पंचविशीत हृदयाच्या स्नायूपेशींपैकी वर्षाला सुमारे एक टक्का नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे आयुष्यभरात निम्म्याही बदलत नाहीत. आणि मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, चेतापेशी तर माणसाच्याच वयाच्या निघाल्या. 'दर सात वर्षांनी आख्खं शरीर नवं होतं' असं सांगत काढे आणि शिबिरं विकणाऱ्यांनी हे आकडे जरूर वाचावेत.

याच मोजणीवर इतरांनीही आपापले प्रश्न सोडवले. ग्रीनलंड शार्कच्या डोळ्याच्या भिंगाचा गाभा जन्माआधीच बनतो आणि पुढे बदलत नाही. तो तपासून २०१६ साली एका मादीचं वय किमान २७२ वर्षं ठरलं. जपानच्या फुसा मियाके यांनी जुन्या देवदाराची वलयं एकेक करून तपासली. इ.स. ७७४-७७५ मध्ये कार्बन-१४ एकदम उसळलेला त्यांना दिसला आणि पुढे ९९३ च्या सुमारासही तशीच उसळी सापडली. त्या दुसऱ्या उसळीने इतिहासातला एक प्रश्न सोडवला, व्हायकिंग म्हणजे उत्तर युरोपातले दर्यावर्दी अमेरिकेत नेमके कोणत्या वर्षी होते हा. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये लाँस ओ मेडोज इथे व्हायकिंग वस्तीचे अवशेष आहेत. तिथल्या तीन लाकडांत ९९३ च्या वलयापासून सालीपर्यंत अठ्ठावीस वलयं भरली. तिन्ही झाडं वेगळी, तिन्ही धातूच्या हत्याराने तोडलेली आणि तिन्हींचं तोडणीचं वर्ष एकच, १०२१. 'झाडाची वलयं मोजून काय मिळतं?' असं विचारणाऱ्याला मी हे वर्ष सांगते.

हस्तिदंताच्या व्यापारात पळवाट ठरलेली असे, 'हा माल बंदीपूर्वीचा आहे'. जप्त झालेल्या सुळ्यांमधला कार्बन-१४ तपासला, तेव्हा बहुतेक हत्ती जप्तीच्या आधी तीन वर्षांच्या आतच मारले गेल्याचं २०१६ साली उघड झालं. अणुभौतिकी इथे थेट गुन्हे तपासाला आली.

पण हे घड्याळ आता बंद पडत चाललंय. दगडी कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षांपूर्वीचं, त्यांत कार्बन-१४ अजिबात नसतो. आपण ते जाळतो तसा हवेतला कार्बन-१४ विरळ होत जातो. चाचण्यांनी फुगलेलं प्रमाण उत्तर गोलार्धात १९५० पूर्वीच्या पातळीवर परत आलं आहे. आज मारलेल्या हत्तीचा सुळा आणि अणुचाचण्यांच्या आधीच्या हत्तीचा सुळा, दोन्हींचं माप आता सारखंच येऊ लागेल.